महाराष्ट्र विधिमंडळाच्या समित्या

महाराष्ट्र विधिमंडळाच्या समित्या म्हणजे विधानसभा व विधानपरिषद या सभागृहांच्या वतीने ठरावीक विषयांची तपशीलवार छाननी करण्यासाठी नेमलेली सदस्यांची लहान मंडळे होत. शासनाने खर्च केलेला पैसा विधिमंडळाने मंजूर केलेल्या कामासाठी, मंजूर केलेल्या मर्यादेत आणि नियमाला धरून खर्च झाला की नाही, हे आर्थिक समित्या पाहतात. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे आश्वासन समिती पाहते. सदस्यांचे अधिकार आणि त्यांचे वर्तन यांसंबंधीचे प्रश्न विशेषाधिकार समितीकडे जातात. समित्यांना शिफारस करण्याचा अधिकार असतो. आदेश देण्याचा किंवा शिक्षा करण्याचा नसतो. त्यामुळे अहवाल वेळेवर सादर होणे, शासनाने त्यावर उत्तर देणे आणि तपासणी करणाऱ्या सदस्यांवर लोकांचा विश्वास असणे, या तीन गोष्टींवर त्यांची परिणामकारकता अवलंबून असते.

स्वरूप आणि गरज

राज्याचा अर्थसंकल्प दरवर्षी साधारणतः मार्च महिन्यात विधिमंडळाला सादर होतो. प्रत्येक विभागाच्या अनुदानाच्या मागण्यांवर विधानसभेत चर्चा व मतदान होते. अधिवेशनाचे दिवस मोजके आणि मागण्या पुष्कळ असल्याने अनेक मागण्या चर्चेविनाच मताला टाकल्या जातात. या पद्धतीला संसदीय परिभाषेत गिलोटिन म्हणतात. वर्षाच्या मध्ये पुरवणी मागण्याही येतात. इतक्या मोठ्या व्यवहाराची बारकाईने तपासणी भर सभागृहात होऊ शकत नाही. कागदपत्रे मागवणे, अधिकाऱ्यांची साक्ष घेणे, प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम पाहणे ही कामे थोड्या सदस्यांच्या मंडळालाच साधतात. म्हणून सभागृह आपल्या अधिकाराचा काही भाग समित्यांकडे सोपवते.

समितीचे कामकाज पक्षनिरपेक्ष असावे, अशी अपेक्षा असते. सभागृहात बाके सत्ताधारी आणि विरोधी अशी विभागलेली असतात. समितीच्या बैठकीत मात्र सर्व पक्षांचे सदस्य एका बाजूला आणि शासनाचे अधिकारी दुसऱ्या बाजूला असतात. मंत्री आर्थिक समित्यांचे सदस्य नसतात. ज्यांच्या खर्चाची तपासणी व्हायची त्यांनीच तपासनीस होऊ नये, हे त्यामागील साधे तत्त्व आहे.

विधानपरिषदेला अनुदानाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार नाही. तरीही लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम व पंचायती राज या समित्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समित्या असल्याने खर्चाच्या तपासणीत परिषदेच्या सदस्यांचाही वाटा असतो. महाराष्ट्रात समितीचे नेतृत्व करणाऱ्या सदस्याला समिती प्रमुख असे म्हणतात.

इतिहास

लोकलेखा समितीची कल्पना ब्रिटिश संसदेतून आली. ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना १८६१ मध्ये तेथील हाउस ऑफ कॉमन्सने पहिली लोकलेखा समिती नेमली. पैसा मंजूर करणाऱ्या सभागृहाने तो कसा खर्च झाला याचाही हिशेब घ्यावा, हे तत्त्व तेथे त्यानंतर स्थिरावले.

भारतात माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये केंद्रीय लोकलेखा समिती अस्तित्वात आली. तिचे अध्यक्षपद सरकारच्या वित्त सदस्याकडेच असे. ज्याच्या खात्याचा हिशेब तपासायचा तोच तपासणीचा प्रमुख, अशी ही रचना होती. राज्यघटना लागू झाल्यावर १९५० मध्ये ही विसंगती दूर झाली आणि समिती लोकसभा अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. १९६७ पासून संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा प्रघात सुरू झाला. त्यानुसार अध्यक्ष झालेले पहिले विरोधी सदस्य मिनू मसानी हे मुंबईचे माजी महापौर होते.

१९३५ च्या कायद्यानुसार झालेल्या निवडणुकांनंतर मुंबई प्रांताची विधानसभा १९३७ मध्ये अस्तित्वात आली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर पुढे लोकसभेचेही पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, तत्कालीन अर्थमंत्री जॉन मथाई यांच्या सूचनेवरून, १० एप्रिल १९५० रोजी संसदेची अंदाज समिती स्थापन झाली. काही आठवड्यांतच मथाई यांच्या जागी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री झाले. देशमुखांचा जन्म महाडजवळील नाते येथील आणि त्यांचे घराणे रोह्याचे. १९५२ मध्ये ते तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड भागातून लोकसभेवर निवडून आले. संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ मध्ये नेमली गेली.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मुंबई विधिमंडळाची समिती-परंपरा नव्या राज्याकडे आली. राज्याच्या गरजांप्रमाणे तीत भर पडत गेली. जिल्हा परिषदांच्या स्थापनेनंतर पंचायती राज समिती आणि रोजगार हमी योजनेनंतर त्या योजनेची समिती आली. अंदाज समितीच्या स्थापनेला ७५ वर्षे झाल्यानिमित्त संसद आणि राज्य विधिमंडळांच्या अंदाज समित्यांच्या प्रमुखांची राष्ट्रीय परिषद २३ व २४ जून २०२५ रोजी मुंबईच्या विधानभवनात भरली.

घटनात्मक आधार

राज्यघटनेत समित्यांची स्वतंत्र यादी नाही. त्यांचा आधार पुढील तरतुदींत आहे.

• अनुच्छेद १५१ : राज्याच्या लेख्यांसंबंधीचे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांचे अहवाल राज्यपालांना सादर होतात आणि राज्यपाल ते विधिमंडळासमोर ठेवण्याची व्यवस्था करतात.
• अनुच्छेद १९४ : विधिमंडळ, त्याचे सदस्य व समित्या यांचे अधिकार, विशेषाधिकार व संरक्षण.
• अनुच्छेद २०२ ते २०६ : अर्थसंकल्प, अनुदानाच्या मागण्या, विनियोजन विधेयक, पुरवणी व अधिक खर्चाच्या मागण्या आणि लेखानुदान.
• अनुच्छेद २०८ : सभागृहाने आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार. समित्यांची रचना व कार्यकक्षा या नियमांत दिलेली असते.

आर्थिक समित्या

लोकलेखा समिती

आर्थिक समित्यांत ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महत्त्वाची समिती आहे. विनियोजन लेखे, वित्तीय लेखे आणि कॅगचे अहवाल हे तिच्या तपासणीचे मुख्य साहित्य असते. पैसा कायदेशीर मंजुरीनुसार उपलब्ध होता काय, ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी वापरला काय, खर्च करणाऱ्या अधिकाऱ्याला तसा अधिकार होता काय, हे तिचे मूलभूत प्रश्न आहेत. त्यापुढे जाऊन उधळपट्टी, दिरंगाई, निष्फळ खर्च आणि महसुलाची कमी वसुली यांकडेही ती लक्ष देते. धोरण योग्य की अयोग्य, याची चर्चा तिच्या कक्षेत येत नाही.

मंजूर रकमेपेक्षा अधिक खर्च झाल्यास अनुच्छेद २०५ नुसार विधानसभेची मंजुरी घेऊन तो नियमित करावा लागतो. समिती अशा प्रत्येक प्रकरणाची कारणे तपासून शिफारस करते. अधिक खर्चाइतकाच न झालेला खर्चही महत्त्वाचा असतो. मूळ तरतूद शिल्लक असताना पुरवणी मागणी घेणे, वर्षभर थांबून मार्चअखेर घाईने खर्च दाखवणे, अनुदान घेतलेल्या संस्थांनी उपयोगिता प्रमाणपत्रे सादर न करणे, हे दोष कॅगच्या अहवालांत वारंवार नोंदवले गेले आहेत.

समिती आणि कॅग यांचे नाते परस्परपूरक आहे. लेखापरीक्षकाने काढलेले आक्षेप समितीविना कागदावरच राहतात आणि लेखापरीक्षणाविना समितीला कोठे बोट ठेवावे हे कळत नाही. समितीच्या कामात महालेखापालांचे कार्यालय साहाय्य करते. राज्यासाठी अशी कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत.

अंदाज समिती

लोकलेखा समिती झालेल्या खर्चाचा मागोवा घेते, तर अंदाज समिती अर्थसंकल्पातील अंदाजांची तपासणी करते. मान्य धोरणाच्या चौकटीत काटकसर कशी करता येईल, कार्यक्षमता कशी वाढेल, अंदाज कोणत्या स्वरूपात मांडावेत, हे ती सुचवते. अर्थसंकल्प मंजूर होण्यासाठी तिच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. तिचा उपयोग पुढील वर्षांच्या आखणीसाठी होतो. विविध जिल्ह्यांचे दौरे करून योजनांची स्थिती पाहणे हा तिच्या कामाचा ठळक भाग आहे.

सार्वजनिक उपक्रम समिती

महामंडळे व शासकीय कंपन्या यांचे हिशेब आणि कारभार ही समिती पाहते. राज्य परिवहन महामंडळ, वीज कंपन्या यांसारख्या संस्थांना व्यवहाराची काही प्रमाणात मोकळीक असते. ती मोकळीक सांभाळून सार्वजनिक भांडवलाचा हिशेब मागणे हे या समितीचे काम होय. दैनंदिन व्यवस्थापनाच्या बाबींत तिने पडू नये, असा संकेत आहे.

पंचायती राज समिती

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ नुसार १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, ग्रामीण रस्ते, पाणीपुरवठा यांवरील मोठा निधी त्यांच्यामार्फत खर्च होतो. त्यांच्या हिशेबांची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो आणि त्यातील आक्षेपांची छाननी पंचायती राज समिती करते. ग्रामीण भागात ती ‘पीआरसी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

समितीचा जिल्हा दौरा सामान्यतः काही दिवस चालतो. लेखापरीक्षण अहवालातील परिच्छेदांवर जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्यांना विचारणा होते. सदस्य गटागटाने पंचायत समित्या, शाळा, आरोग्य केंद्रे येथे भेटी देतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष होते. समिती येणार म्हणून वर्षानुवर्षे प्रलंबित आक्षेपांची उत्तरे तयार होतात, हा या दौऱ्याचा एक अप्रत्यक्ष लाभ मानला जातो.

रोजगार हमी योजना समिती

ही समिती महाराष्ट्राच्या इतिहासाशी निगडित आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबवली गेलेली रोजगार हमी योजना विधानपरिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. हजेरीपटावरील मजुरांची नावे, कामाची मोजमापे आणि मजुरीचे वाटप या ठिकाणी गैरव्यवहाराला वाव असल्याने या एकाच योजनेवर लक्ष ठेवण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र समिती ठेवण्यात आली.

आश्वासन समिती

प्रश्नोत्तरांत किंवा चर्चेच्या उत्तरात मंत्री अनेकदा ‘चौकशी करू’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’, ‘कार्यवाही केली जाईल’ अशी विधाने करतात. अधिवेशन संपले की अशी विधाने विस्मरणात जाण्याचा संभव असतो. आश्वासन समिती कामकाजाच्या वृत्तांतातून ती वेचून काढून त्यांच्या पूर्ततेचा पाठपुरावा करते. लोकसभेत अशी समिती १९५३ मध्ये प्रथम नेमली गेली.

याखेरीज अनुसूचित जाती कल्याण, अनुसूचित जमाती कल्याण, विमुक्त जाती व भटक्या जमाती कल्याण, महिला व बालकांचे हक्क व कल्याण या समित्या आपापल्या क्षेत्रातील योजना व आरक्षणाची अंमलबजावणी पाहतात. विनंती अर्ज समिती नागरिकांचे अर्ज विचारात घेते.

कामकाजाची पद्धत

एखाद्या आक्षेपाचा प्रवास सर्वसाधारणपणे पुढील टप्प्यांनी होतो.

१. लेखापरीक्षक कार्यालयाची तपासणी करून आक्षेप कळवतो. तेथेच समाधानकारक उत्तर मिळाल्यास तो निकाली निघतो.
२. गंभीर आक्षेप कॅगच्या अहवालात परिच्छेदाच्या रूपाने येतो आणि अहवाल विधिमंडळासमोर ठेवला जातो.
३. संबंधित विभाग ठरावीक मुदतीत स्पष्टीकरणात्मक ज्ञापन सादर करतो.
४. समिती महत्त्वाचे परिच्छेद निवडते आणि विभागाच्या सचिवांची साक्ष घेते. साक्षीसाठी सामान्यतः मंत्र्यांना नव्हे, तर सचिवांना बोलावले जाते, कारण हिशेबाची जबाबदारी प्रशासकीय प्रमुखावर असते.
५. समिती निष्कर्ष व शिफारशींसह अहवाल सभागृहाला सादर करते. तोपर्यंत तिचे कामकाज गोपनीय असते.
६. शासन शिफारशींवर काय केले हे कळवते आणि समिती त्या उत्तराचीही छाननी करते.

समितीसमोर खोटी साक्ष देणे, मागितलेली कागदपत्रे दडवणे किंवा साक्षीदारावर दबाव आणणे हा विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. समितीपुढील विषयात एखाद्या सदस्याचा वैयक्तिक आर्थिक हितसंबंध असेल, तर त्याच्या सहभागावर आक्षेप घेता येतो, हेही संसदीय समित्यांचे मान्य तत्त्व आहे.

उदाहरण : डोलवी परिसर

समित्यांच्या कार्यकक्षा एकमेकींपासून कशा वेगळ्या आहेत, हे एखाद्या गावावरून स्पष्ट होते. डोलवी हे रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील, अंबा नदीच्या खाडीपट्ट्यातील गाव आहे. येथे पूर्वी इस्पात इंडस्ट्रीज या कंपनीच्या मालकीचा आणि नंतर जेएसडब्ल्यू स्टीलकडे आलेला मोठा पोलाद प्रकल्प आहे. एकीकडे भातशेती, मिठागरे व खारभूमी आणि दुसरीकडे अवजड उद्योग, अशा या भागात सार्वजनिक पैसा अनेक वाटांनी येतो.

खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घालावयाच्या खारभूमीच्या बांधांवर शासनाचा विभाग थेट खर्च करतो. अशा खर्चावरील कॅगचा आक्षेप लोकलेखा समितीकडे जातो. मोठ्या उद्योगांना राज्याकडून मिळणाऱ्या करसवलती व प्रोत्साहने यांच्या हिशेबातील त्रुटीही त्याच मार्गाने पुढे येतात. गावातील जिल्हा परिषदेची शाळा किंवा आरोग्य केंद्र यांवरील खर्च रायगड जिल्हा परिषद व पेण पंचायत समिती यांच्या हिशेबात येतो आणि त्याची छाननी पंचायती राज समितीच्या कक्षेत येते. वीजपुरवठा करणाऱ्या सरकारी कंपनीचा कारभार सार्वजनिक उपक्रम समितीकडे असतो. प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांविषयी किंवा प्रदूषणाविषयी मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले, तर त्याच्या पूर्ततेवर आश्वासन समितीचे लक्ष असते.

स्थानिक पातळीवर निवडून आलेले सदस्य नसतात तेव्हा या देखरेखीचे महत्त्व वाढते. रायगडसह राज्यातील अनेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबल्याने तेथे दीर्घकाळ प्रशासकांकडे कारभार राहिला. या काळात जिल्हा परिषदेच्या सभेत हिशेब मागणारे सदस्यच नव्हते. अशा वेळी लेखापरीक्षण आणि विधिमंडळाची समिती हेच लोकप्रतिनिधींमार्फत होणाऱ्या तपासणीचे उरलेले मार्ग ठरतात.

समितीची छाननी आणि गुन्हेगारी तपास यांतील फरकही याच तालुक्यात दिसतो. नवी मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी सिडकोच्या निधीतून कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने हाती घेतलेल्या पेण तालुक्यातील बाळगंगा धरणाच्या कामाबाबत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१५ मध्ये गुन्हा नोंदवला. राज्यातील सिंचन प्रकल्पांच्या वाढत्या खर्चाविषयी त्याआधी २०१२ मध्ये शासनाची श्वेतपत्रिका निघाली होती, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले होते आणि कॅगनेही आक्षेप नोंदवले होते. लेखापरीक्षण व समिती नियम कोठे मोडला गेला हे दाखवतात. व्यक्तीचा दोष ठरवून शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम असते.

सदस्यांच्या आचरणावरील देखरेख

विशेषाधिकार समिती

सभागृहात निर्भयपणे बोलता यावे म्हणून सदस्यांना विशेषाधिकार दिलेले आहेत. सभागृहात केलेले भाषण किंवा दिलेले मत यांबद्दल न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. या अधिकारांचा भंग किंवा सभागृहाचा अवमान झाल्याची तक्रार अध्यक्ष अथवा सभापती विशेषाधिकार समितीकडे सोपवू शकतात. समिती संबंधितांचे म्हणणे ऐकून दोष व शिक्षा यांविषयी शिफारस करते आणि अंतिम निर्णय सभागृह घेते. सदस्यांच्या गैरवर्तनाच्या तक्रारींप्रमाणेच सदस्य नसलेल्या व्यक्तींविरुद्धच्या तक्रारीही तिच्यासमोर येतात.

या अधिकारालाही मर्यादा आहेत. २०२० मध्ये एका वृत्तवाहिनीच्या संपादकाविरुद्धच्या हक्कभंग प्रकरणात विधिमंडळ सचिवालयाने पाठवलेल्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने गंभीर दखल घेतली आणि ते पाठवणाऱ्या अधिकाऱ्यास अवमानाची नोटीस काढली. नागरिकाला न्यायालयाकडे दाद मागण्यापासून परावृत्त करता येणार नाही, असा त्यामागील आशय होता.

मुद्गल प्रकरण आणि त्यानंतर

लोकप्रतिनिधीच्या आर्थिक आचरणाची स्वतंत्र भारतातील पहिली संसदीय चौकशी मुंबईशी संबंधित होती. हंगामी संसदेतील मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशन या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन संसदेत तिच्या बाजूने प्रयत्न केल्याचा आरोप झाला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या प्रस्तावावरून ८ जून १९५१ रोजी चौकशी समिती नेमली गेली आणि टी. टी. कृष्णम्माचारी तिचे अध्यक्ष झाले. आचरण सभागृहाच्या प्रतिष्ठेस बाधा आणणारे असल्याचा निष्कर्ष समितीने काढला. निष्कासनाच्या प्रस्तावावर चर्चा चालू असताना मुद्गल यांनी राजीनामा दिला. तरीही ते निष्कासनास पात्र होते, असा ठराव सभागृहाने संमत केला. राजीनाम्याने प्रकरण मिटत नाही, हा पायंडा त्यामुळे पडला.

प्रश्न विचारण्यासाठी पैसे स्वीकारल्याच्या प्रकरणात २३ डिसेंबर २००५ रोजी संसदेने ११ सदस्यांना निष्कासित केले. त्यांत महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेले दोन सदस्य होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये राजाराम पाल खटल्यात संसदेचा हा अधिकार मान्य केला. मात्र अशा निर्णयांची मर्यादित न्यायालयीन तपासणी होऊ शकते, असेही सांगितले.

४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन खटल्यात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने लाच घेणे हे विशेषाधिकाराने संरक्षित नसल्याचा निर्णय दिला आणि १९९८ चा नरसिंह राव खटल्यातील निर्णय रद्दबातल ठरवला. सभागृहात मत देण्यासाठी किंवा भाषण करण्यासाठी पैसे घेणाऱ्या सदस्यावर त्यामुळे खटला चालू शकतो.

नीतिमत्ता समिती

राज्यसभेची नीतिमत्ता समिती ४ मार्च १९९७ रोजी स्थापन झाली. देशाच्या संसदेतील अशी ही पहिली समिती होती आणि तिचे पहिले अध्यक्ष महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण हे होते. सदस्यांसाठी आचारसंहिता आणि त्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही या दोन गोष्टी तिच्या कामातून पुढे आल्या. लोकसभेत अशी समिती २००० मध्ये नेमली गेली. महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये विधानभवनाच्या आवारात दोन सदस्यांच्या समर्थकांत हाणामारी झाली. त्यानंतर विधानसभा अध्यक्षांनी संसदेच्या धर्तीवर अशी समिती नेमण्याची घोषणा केली.

निलंबन

सभागृहातील गैरवर्तनाबद्दल सदस्याला निलंबित करण्याचा निर्णय बहुधा समितीकडे न जाता थेट प्रस्तावाद्वारे होतो. मार्च २०१३ मध्ये विधानभवनात एका पोलीस अधिकाऱ्याला मारहाण झाल्याच्या प्रकरणी पाच आमदार निलंबित झाले. मार्च २०१७ मध्ये अर्थसंकल्प मांडताना गोंधळ घातल्याबद्दल विरोधी पक्षांच्या १९ आमदारांवर निलंबनाची कारवाई झाली. ५ जुलै २०२१ रोजी भारतीय जनता पक्षाच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले.

या अखेरच्या निर्णयाला आव्हान मिळाले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालू अधिवेशनाच्या पलीकडचे निलंबन घटनाबाह्य व अतार्किक ठरवून रद्द केले. न्यायालयाचे विवेचन मतदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सदस्य निष्कासित झाल्यास पोटनिवडणूक होऊन मतदारसंघाला नवा प्रतिनिधी मिळतो. वर्षभराच्या निलंबनात जागा रिक्त होत नाही आणि मतदारसंघाचा आवाजही सभागृहात पोचत नाही. म्हणजे शिक्षा सदस्याबरोबर मतदारांनाही होते.

निलंबन आणि निष्कासन यांहून अपात्रता वेगळी असते. दहाव्या अनुसूचीखालील पक्षांतराचा निर्णय अध्यक्ष किंवा सभापती देतात. लाभाचे पद यांसारख्या कारणांवरील निर्णय निवडणूक आयोगाच्या मतानुसार राज्यपाल देतात.

मर्यादा आणि टीका

समित्यांवरील टीकेचा मुख्य रोख विलंबावर असतो. खर्च, लेखापरीक्षण, अहवाल, साक्ष आणि शिफारस यांत इतकी वर्षे जातात की जबाबदार अधिकारी बदलून गेलेले किंवा निवृत्त झालेले असतात. स्पष्टीकरणात्मक ज्ञापने मुदतीत न येणे आणि अनेक परिच्छेदांवर समितीत चर्चाच न होणे, याचा उल्लेख कॅगच्या अहवालांतही आढळतो. विधानसभेची मुदत संपली की समित्यांची पुनर्रचना होईपर्यंत काम थांबते.

दुसरी मर्यादा पूर्वतपासणीची आहे. संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या अनुदानाच्या मागण्यांची मतदानापूर्वी छाननी करतात. केरळ विधानसभेत विषय समित्यांची पद्धत १९८० पासून आहे. महाराष्ट्रात समित्यांचा भर मुख्यतः खर्च झाल्यानंतरच्या तपासणीवर राहिला आहे.

तिसरा आक्षेप दौऱ्यांविषयीचा आहे. ज्या कार्यालयांची तपासणी करायची त्यांनीच समितीच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था करायची, या पद्धतीत गैरप्रकाराचा धोका असल्याचे अनेकदा बोलले गेले आहे. मे २०२५ मध्ये अंदाज समितीच्या धुळे दौऱ्याच्या वेळी तेथील शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड आढळली. ही रक्कम समितीसाठी जमवल्याचा आरोप एका माजी आमदारांनी केला आणि समिती प्रमुखांनी तो फेटाळला. शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमण्याचे जाहीर केले. खर्चावर देखरेख आणि सदस्यांच्या आचरणावर देखरेख हे दोन वेगळे विषय नाहीत, याकडे या प्रकरणाने लक्ष वेधले. तपासणाऱ्याविषयी संशय निर्माण झाला, तर त्याने काढलेला रास्त आक्षेपही दुबळा होतो.

शिफारस बंधनकारक नसणे हीही उणीव सांगितली जाते. त्यावर असे उत्तर दिले जाते की, आदेश देण्याचा अधिकार मिळाल्यास समिती स्वतःच कारभाराची भागीदार होईल आणि तिच्याकडून निःपक्ष तपासणीची अपेक्षा करता येणार नाही.

नागरिकांना उपलब्ध माहिती

विधिमंडळासमोर ठेवलेले कॅगचे अहवाल सार्वजनिक असतात आणि ते मराठीतही प्रसिद्ध होतात. समित्यांचे अहवाल सभागृहाला सादर झाल्यावर खुले होतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८ मध्ये विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग करणारी माहिती नाकारण्याची तरतूद आहे. त्यामुळे सादर न झालेल्या अहवालाची किंवा चालू साक्षीची माहिती मिळत नाही. ग्रामपंचायत व जिल्हा परिषद यांचे लेखापरीक्षण अहवाल मात्र माहितीच्या अधिकारात मागता येतात. ग्रामसभेत ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. आपल्या गावातील एखाद्या कामावर आक्षेप निघाला असल्यास त्यावर काय उत्तर दिले गेले, हे अशा प्रकारे गावकऱ्याला स्वतः पाहता येते आणि ती माहिती आपल्या आमदारामार्फत समितीपर्यंत पोचवता येते.